फेसाच्या मागावर: मुलुंड ते पवई

आमच्या गावावरून ठाण्याला जाणारी एसटी सकाळी सव्वासहाला निघते, असं वेळापत्रकात लिहिलेलं आहे. त्या सोमवारी ती खरोखरच सव्वासहाला निघाली आणि मला लगेच शंका आली की ही दुसरीच कुठली तरी गाडी असणार. कंडक्टरला दोनदा विचारून खात्री करून घेतली. मांडीवर पिशवी, पिशवीत तीन साड्या आणि साड्यांच्या घडीत गुंडाळलेला लॅक्टोमीटर (दुधात पाणी घातलंय का ते दाखवणारी काचेची नळी). शेजारच्या बाईने विचारलं, "मुंबईला कशाला निघालाय?" मी म्हटलं, "दूध बघायला." तिने एकदा पिशवीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि कराड येताच तिने जागा बदलली.

तिची चूक नव्हती. गावच्या दूध संस्थेत मी एकतीस वर्षं दूध तपासलं. लोकांच्या किटलीतलं दूध मापात पडायच्या आधी माझ्या हाताखालून जायचं. पाणी, साखर, युरिया, तेल, धुण्याची पावडर, काय काय घालतात हे एकदा कळलं की माणूस कोणाकडेच सरळ नजरेने बघत नाही. पाहुणा "बरं चाललंय" म्हणाला तरी मी मनातल्या मनात त्याची डिग्री काढते. (लॅक्टोमीटरवरच्या आकड्याला आम्ही डिग्री म्हणतो.) हा स्वभाव चांगला नाही, मला ठाऊक आहे. मी निवृत्त झाले, तो झाला नाही.

मला बोलावलं होतं सायलीने, माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलीने. तिचे वडील मालवणचे, आजोबा गिरणीत होते. आता आईवडील मालवणला परत गेलेत आणि मुलुंडच्या घरात सायली एकटीच राहते. बँकेतली चांगली नोकरी सोडून तिने मुलुंडमध्येच कॉफीची छोटी गाडी लावली. फोनवर तिचा आवाज चढलेला होता.

"मावशी, पवईच्या एका ऑफिसच्या इमारतीत खाली कॉफीचं काउंटर द्यायचंय. मी आणि अजून एक जण, दोघांनाच बोलावलंय. शुक्रवारी कॉफी पिऊन बघणार आणि ठरवणार."

"मग पाज की."

"अगं, नवव्या मजल्यावर टेबलापर्यंत जाईस्तोवर वरचा फेस टिकला पाहिजे, अशी त्यांची अट आहे. आणि दूध न पिणाऱ्यांसाठी एक वेगळं दूध पाहिजे. माझा फेस मधेच बसतो. मशीन ठीक आहे, दुधातच काहीतरी आहे. दुधातलं तुझ्याइतकं कोणाला कळतं? ये ना! हे काउंटर गेलं ना, तर माझी वाट लागली समज. गाडीवर नाही भागत माझं."

म्हणून मी निघाले. ऐरोलीच्या पुलावरून खाडी ओलांडली तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. दोन्ही बाजूंना तिवरांची (खाडीकाठच्या चिखलात वाढणारी झाडं) हिरवी दाटी आणि त्यामागे एकदम इमारतीच इमारती. मुलुंडच्या नाक्यापाशी सायली उभी होती. तिने माझी पिशवी घेतली, तर मी ती परत काढून घेतली. काचेची वस्तू मी कोणाच्या हातात देत नाही.

सायलीच्या ओट्यावर गॅसपेक्षा मोठं मशीन बसलं होतं. त्याला बाजूने एक लोखंडी नळी, तिच्यातून वाफ येते. स्टीलच्या मगमध्ये दूध घ्यायचं, नळीचं टोक दुधाच्या अगदी वरच्या थरात बुडवायचं आणि वाफ सोडायची. फर्र असा आवाज होतो आणि दूध फुगतं. याला कॉफीवाली मंडळी फ्रॉदिंग म्हणतात. सायलीने तो मग ओट्यावर दोनदा आपटला, गोल फिरवला आणि कॉफीवर फेस ओतला. पांढरा, चकचकीत, साबणाच्या पाण्यासारखा.

आमच्याकडे दुधात धुण्याची पावडर ओळखायची साधी पद्धत आहे. बाटलीत दूध घ्यायचं, झाकण लावून जोरात हलवायचं आणि बाटली उभी ठेवायची. चांगल्या दुधाचा फेस बघता बघता बसतो. बसला नाही की समजायचं, घोळ आहे. एकतीस वर्षं मी याच एका गोष्टीवर किती किटल्या परत पाठवल्या असतील.

"किती वेळ टिकायला हवा हा फेस?" मी विचारलं.

"दहा मिनिटं तरी."

"दहा मिनिटं फेस टिकला तर आमच्याकडे ते दूध गटारात जातं."

"मावशी, तू मला मदत करायला आलीयेस की अटक करायला?" सायली म्हणाली.

मंगळवार पाकिटांचा होता. सायलीने कमी सायीचं आणि भरपूर सायीचं, अशी दोन प्रकारची पाकिटं आणली. तिचा एक नियम होता: दूध थंडगारच पाहिजे, फ्रीजमधून काढलं की लगेच नळीखाली. मगला बाहेरून घाम सुटलेला दिसला तरच ती वाफ सोडायची. मला ते शहरी नखरे वाटले आणि मी तिकडे दुर्लक्ष केलं. कमी सायीच्या दुधाचा फेस उंच आला, टिकलाही, पण कॉफी पाणचट लागत होती. भरपूर सायीच्या दुधाची कॉफी जिभेवर मखमलीसारखी, पण फेस पाच मिनिटांत खचला. सायलीने वहीत लिहून ठेवलं: साय जास्त तर चव, साय कमी तर फेस.

ती अंघोळीला गेल्यावर मी दोन्ही पाकिटांतलं दूध बाटलीत हलवून बघितलं. फेस बसेना. मी दोन्ही पाकिटं सिंकमध्ये रिकामी केली आणि ओटा पुसून ठेवला. सायली बाहेर आली आणि तिने रिकामी पाकिटं पाहिली.

"हे काय केलंस?"

"त्यात पावडर आहे. फेस बसत नाही."

"अगं, फेस बसू नये म्हणूनच तर आपण मरतोय ना!"

पाकिटातल्या दुधावरचा माझा संशय तरी गेला नाही. शेकडो गोठ्यांचं दूध एका टाकीत, मग कुणाच्या म्हशीचं काय ते कोण सांगणार? संध्याकाळी सायलीने नारळ खवून दूध काढलं. मालवणी घरात ते कायम असतंच. त्याला वाफ दिली तर वर तेलाचे डोळे तरंगायला लागले आणि फेसाचा पत्ता नाही. ती कॉफी आम्ही ओतून दिली आणि उरलेल्या दुधाची सोलकढी केली. दिवसभरात चोख म्हणावं असं तेवढंच प्यायला मिळालं.

बुधवारी आम्ही बसने घाटकोपरला गेलो. तिथे हंसाबेन नावाच्या एक गुजराती बाई घरीच बदामाचं दूध करून विकतात. तिसऱ्या मजल्यावरचा स्वयंपाकघराचा ओटा असा स्वच्छ की मला त्याचाच संशय आला. मी वाकून ओट्याखालीही बघून घेतलं. भिजवलेले बदाम, मिक्सर, पांढरं फडकं, बस.

"सुमनबेन, काय शोधता?" हंसाबेन हसत म्हणाल्या.

"पिठी."

"कशाची पिठी?"

"तांदळाची. दूध दाट दिसायला घालतात."

हंसाबेननी बदाम माझ्यासमोर वाटले, फडक्यातून पिळले आणि पेला माझ्या हातात दिला. चव चांगली होती, मी तसं सांगितलंही. पण सायलीने पिशवीतून बॅटरीवर चालणारी छोटी रवी काढून त्या दुधाला फेस आणला तर तो पातळ, बुडबुड्यांचा, आणि आम्ही थर्मासमधून नेलेल्या कॉफीत पडल्यावर दूध फाटून तळाशी कण बसले. सायलीने वाटेत दुकानातून घेतलेलं सोयाचं दूधही तिथेच करून बघितलं. ते तर पनीर करायला घातल्यासारखं फुटलं.

"तुझी कॉफी आंबट आहे ने, म्हणून," हंसाबेन म्हणाल्या. "आणि फार गरम. बदाम आणि सोयाला दोन्ही नको."

त्यांनी आम्हाला थेपले आणि कैरीचा छुंदा खाऊ घातला आणि स्वतःचं दूध चाललं नाही याचं जराही वाईट वाटून घेतलं नाही. इतकी चांगली माणसं भेटली की मी जास्त सावध होते. जिना उतरताना मी सायलीला तसं म्हणाले, तर ती म्हणाली, "मावशी, तुझं काय करायचं गं?"

घाटकोपरहून अंधेरीला मेट्रोने जायचं होतं. पिशवी तपासणाऱ्या मशीनमधून गेली आणि तिथल्या खाकीतल्या मुलीने मला बाजूला घेतलं. तिने साडीच्या घडीतून लॅक्टोमीटर बाहेर काढून उजेडात धरला.

"काकू, हे काय?"

"दुधात पाणी असलं तर कळतं याने."

तिने मागे वळून साहेबांकडे पाहिलं, मग आवाज खाली आणून म्हणाली, "आमच्या चाळीत येणार का एकदा? दूधवाल्याला जरा दाखवायचंय हे." मी तिला नळी कशी बुडवायची ते तिथेच समजावून सांगितलं. मागे रांग लागली, लोक कुरकुरायला लागले आणि सायली मला ओढत फलाटावर घेऊन गेली.

अंधेरीला एका गल्लीत कॉफीच्या सामानाचं दुकान होतं. काउंटरवरच्या मुलीने ओटचं दूध दाखवलं. ओट म्हणजे सातूसारखं एक धान्य, ते पाण्यात वाटून गाळतात. खोक्यावर "कॉफीसाठी खास" असं लिहिलेलं होतं. मी चष्मा लावला आणि मागची बारीक अक्षरं वाचायला घेतली. पाणी, ओट, आणि तिसरा शब्द वाचून मी खोकं खाली ठेवलं.

"यात तेल आहे," मी म्हणाले.

"हो काकू. फेस चांगला येतो त्याने."

"दुधात तेल घालणाऱ्याला आम्ही संस्थेतून काढून टाकतो."

"पण हे दूध नाहीच आहे ना! पेय आहे. बघा, लिहिलंय."

खरंच लिहिलेलं होतं. तेल घालतो, मीठ घालतो, कॉफीत फुटू नये म्हणून आणखी काय घालतो, सगळं एकाखाली एक. एकतीस वर्षांत ज्याने ज्याने काही घातलं त्याने ते लपवलं, आणि इथे हा छापून देतोय. आता याला पकडायचं तरी कशात? मला मोठी अडचण झाली. मुलीने आम्हाला तिथल्या मशीनवर कॉफी करून दिली. फेस बारीक, गुळगुळीत, चव किंचित गोडसर. दहा मिनिटं झाली, बारा झाली, फेस जागचा हलला नाही. कॉफीत ते फाटलंही नाही.

"दूध न पिणाऱ्यांसाठी हेच," सायलीने ठरवलं. "झकास आहे."

"घे. पण माझ्यासमोर याला दूध म्हणायचं नाही," मी म्हणाले.

आता राहिलं होतं खरं दूध, आणि हाताशी एकच दिवस.

गुरुवारी दुपारी आम्ही जोगेश्वरीला एका तबेल्यात (शहरातला म्हशींचा मोठा गोठा) गेलो. इमारतींच्या मधे, रस्त्यापासून दोन पावलांवर ऐंशी-नव्वद म्हशी असतील यावर गावाकडच्या माणसाचा विश्वास बसणार नाही, पण शेणाचा वास आला आणि मला चार दिवसांत पहिल्यांदा बरं वाटलं. मालक शिवपूजन, साठीचे, धोतर आणि वर टी-शर्ट. त्यांच्या आजोबांनी हा तबेला घातला. सिमेंटच्या हौदात बर्फाच्या लाद्या टाकून त्यात दुधाचे कॅन बुडवून ठेवलेले होते आणि समोर गिऱ्हाइकांची रांग होती.

मी पहिल्यांदा लॅक्टोमीटर सोडला. डिग्री चोख. मग बाटली काढली, दूध घेतलं, हलवलं आणि उभी धरली. फेस वर आला आणि तिथेच राहिला. मी मनात शंभर मोजले, पुन्हा शंभर मोजले. फेस तसाच.

"मावशी, नको," सायली कानाशी म्हणाली. तिने माझा चेहरा ओळखला होता.

पण एकतीस वर्षांची सवय तोंडातून बाहेर पडलीच. "यात धुण्याची पावडर आहे," मी म्हणाले, आणि संस्थेत बोलायचे तेवढ्याच मोठ्याने म्हणाले.

निळ्या ड्रेसमधल्या एका बाईने आपल्या बरणीचं झाकण लावलं आणि ती दूध न घेताच निघून गेली. शिवपूजन गेलेल्या बाईकडे बघत राहिले. मग ते सायलीकडे वळले.

"बेटा, तुला दूध मिळणार नाही. दुसरीकडे बघ."

"काका, प्लीज! उद्या माझी ट्रायल आहे, मी आता कुठे जाऊ?"

"ते मौसीला विचार. तीन पिढ्या झाल्या आम्हाला इथे. तोंडावर असं कोण बोललं नाय."

सायलीने माझ्याकडे पाहिलं. तिचे डोळे भरले होते, पण त्यात रडण्यापेक्षा राग जास्त होता. मी तरीही मागे हटले नाही. मला वाटत होतं मी तिला वाचवलंय, आणि उद्या ती माझे पाय धरेल.

"मौसी," शिवपूजन म्हणाले, "धार काढता येते?"

"तुमच्यापेक्षा चांगली."

"मग या. म्हैस तुम्ही निवडा. बाटली तुमची, हात तुमचा."

दुपारच्या धारा चालूच होत्या. मी बाटली नळाखाली तीनदा विसळली, एक शांत डोळ्यांची म्हैस निवडली, तिची कास धुतली आणि सरळ बाटलीतच धार काढली. कितीतरी वर्षांनी काढत होते, पण बोटं विसरली नव्हती. बाटली भरत आली तशी ती हाताला ऊबदार लागायला लागली. मी झाकण लावलं आणि सगळ्या रांगेसमोर हलवली. फेस वर आला आणि बघता बघता बसला.

"बघा!" मी बाटली उंच धरली. "चोख दूध असं असतं. आता सांगा, कॅनमधल्या दुधात काय आहे?"

रांगेतले दोघंतिघं माना हलवायला लागले. शिवपूजन मात्र शांत होते. त्यांनी बाटलीसाठी हात पुढे केला, मी ती मागे घेतली.

"ठीक आहे, देऊ नका," ते म्हणाले. "तुम्हीच धरा. हौदात बर्फाच्या पाण्यात बुडवा आणि धरून बसा. माझा हात लागायला नको."

मी हौदाच्या कठड्यावर बसले आणि बाटलीसकट हात पाण्यात घातला. पाच मिनिटांत बोटं बधिर झाली. हात बदलायचे, पण बाटली सोडायचे नाही. सायली समोर उभी राहून फोनमध्ये वेळ बघत होती. अर्ध्या तासाने शिवपूजन म्हणाले, "आता हलवा."

मी हलवली. फेस वर आला. शंभर मोजले, दोनशे मोजले. फेस बसला नाही.

माझीच बाटली, मीच काढलेली धार, आणि हातातून ती क्षणभरही सुटली नव्हती. शंका घ्यायला माणूसच उरला नव्हता.

"गार दूध असंच करतं, मौसी," शिवपूजन म्हणाले. "गरम दुधात फेस ठरत नाय. तुमच्याकडे सगळे धार काढल्यावर तसंच आणत असतील ना सेंटरवर?"

तसंच आणायचे. पहाटे धार काढायची आणि ऊन ऊन किटली घेऊन यायचं, सगळं गाव तसंच यायचं. म्हणून मला वाटायचं की चांगल्या दुधाचा फेस बसतोच. सायली चार दिवस थंड दूध, थंड दूध म्हणून सांगत होती आणि मी नखरे समजत होते. मी त्या कठड्यावरच बसून राहिले, कारण मला एक किटली आठवली होती.

अनुसयावहिनी. आमच्याच गावच्या, खालच्या आळीच्या. त्यांच्या मुलाने पुण्याहून जुना फ्रीज आणून दिला होता, गावातल्या पहिल्या दोन-तीन फ्रीजपैकी एक. उन्हाळ्यात संस्थेचं संध्याकाळचं दूध घेणं बंद असायचं, तेव्हा त्या रात्रीचं दूध फ्रीजमध्ये ठेवायच्या आणि सकाळी तसंच घेऊन यायच्या. डिग्री चोख, फॅट चोख, पण माझ्या बाटलीत फेस बसेना. तीन दिवस बसला नाही. चौथ्या दिवशी मी संस्थेच्या फळ्यावर त्यांचं नाव लिहिलं आणि पुढे लिहिलं "साबण". त्यांचं दूध बंद झालं. त्या खूप बोलल्या, रडल्या, फ्रीज बघायला घरी चला म्हणाल्या. मी गेले नाही. चोर असाच रडतो, असं मला तेव्हा वाटलं. महिनाभरात त्यांनी म्हैस विकली, आणि पोरं त्यांना साबणवाली म्हणायला लागली.

मी उठले आणि रांगेसमोर जाऊन उभी राहिले. "मी चुकले," मी म्हणाले. "या माणसाचं दूध चोख आहे. मी एकतीस वर्षं दूध तपासलंय आणि मला साधी गोष्ट कळली नव्हती." मग मी शिवपूजनना विचारलं, "ती निळ्या ड्रेसमधली बाई कुठे राहते? मी जाऊन सांगते."

"काय माहीत," ते म्हणाले. "येईल, नाय तर नाय येणार." मग सायलीचा कॅन भरायला घेत म्हणाले, "पोरीला देतो. तुम्हाला नाय देणार." मला ते वाजवी वाटलं.

रिक्षात सायली बराच वेळ बाहेर बघत बसली होती. जोगेश्वरीचा रस्ता संपता संपता ती म्हणाली, "तू माफी मागशील असं मला वाटलं नव्हतं." जिची खरी माफी मागायची होती ती मुंबईत नव्हती.

घरी एक अडचण निघाली. म्हशीच्या दुधाला साय भरपूर, म्हणजे चव मिळणार पण फेस खचणार. आणि कच्चं दूध लोकांना पाजायचं नव्हतंच. इथे मात्र माझा थोडा उपयोग झाला. मी म्हटलं, आपण घरी करतो तेच करू. दूध तापवलं, पातेलं बर्फाच्या पाण्यात ठेवून गार केलं, फ्रीजमध्ये ठेवलं, आणि वर धरलेली जाड साय अलगद काढून घेतली. खालचं दूध सायलीने नळीखाली धरलं. फेस उंच, बारीक, आणि चवीला म्हशीचं दूध ते म्हशीचंच. चौदा मिनिटांनी चमच्याने ढकलला तरी तो एकसंध सरकला. सायलीने मला मिठी मारली. तिचा राग गेला होता, माझा माझ्यावरचा गेला नव्हता.

शुक्रवारी पवईला गेलो. तलावाच्या बाजूने रिक्षा वळली आणि काचेच्या इमारती सुरू झाल्या. ऑफिसच्या व्यवस्थापक कांबळे मॅडम खालीच उभ्या होत्या. पन्नाशीच्या, नीटनेटक्या, बोलणं थेट. त्यांनी कॅनचं झाकण उघडून वास घेतला, आणि मला त्या एकदम आवडल्या.

"दूध कुठलं?" त्यांनी विचारलं.

"जोगेश्वरीच्या तबेल्यातलं," सायली म्हणाली.

"भेसळ नाही कशावरून?"

सायलीने माझ्याकडे पाहिलं. हा प्रश्न जन्मभर मी विचारलाय, कोणी मला विचारला नव्हता. "मी तिथे स्वतः बसून बघितलंय," मी म्हणाले. "आधी मलाही खोटं वाटलं होतं. मीच चुकीची निघाले."

मॅडमनी जरा निरखून पाहिलं आणि मान हलवली. तिथे ठेवलेल्या मशीनवर सायलीने सहा कप केले, चार दुधाचे आणि दोन ओटचे. ट्रे घेऊन आम्ही लिफ्टमध्ये शिरलो. लिफ्ट दुसऱ्या मजल्यावर थांबली, तिसऱ्यावर थांबली, पाचव्यावर तर कोणीतरी कोणाची तरी वाट बघत दार धरून ठेवलं. सायलीच्या कपाळावर घाम आला. मी कपांवरून नजर हलवली नाही. नवव्या मजल्यावर टेबलं गाठेपर्यंत अकरा मिनिटं गेली होती आणि सहाही कपांवर फेस होता. एक मुलगा ओटची कॉफी पिऊन म्हणाला, "हे दूध भारी आहे." मी तोंड उघडलं होतं, सायलीने माझ्या पायावर पाय दिला.

दुसऱ्याची कॉफीही पिऊन झाल्यावर दुपारी तीनला मॅडम खाली आल्या. "सोमवारी सामान आणा," एवढंच म्हणाल्या. सायलीने माझा हात घट्ट धरला. मलाही आनंद झाला, अगदी मनापासून झाला. तलावाच्या कठड्यावर बसून आम्ही भेळ खाल्ली. तिने आईला फोन लावला आणि मला म्हणाली, "थांब ना अजून चार दिवस, काउंटर बघून जा." मी नाही म्हणाले. मला घरी जायची घाई झाली होती.

शनिवारी दुपारी स्टँडवर उतरले आणि पिशवीसकट सरळ खालच्या आळीला गेले. अनुसयावहिनी दारात तांदूळ निवडत बसल्या होत्या. इतक्या वर्षांत मी त्यांच्या उंबऱ्याशी पहिल्यांदाच गेले. त्यांनी बस म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. मी उभ्यानेच सगळं सांगितलं: तबेला, बर्फाचा हौद, माझी बाटली. "तुमच्या दुधात काही नव्हतं," मी म्हणाले. "माझी चूक होती. मला आत्ता कळलं."

त्यांची बोटं तांदळात फिरत राहिली. "मला ठावंच हुतं की," त्या म्हणाल्या. "माझ्याच म्हशीचं दूध." मग सूप बाजूला ठेवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "लिवलं हुतं ते फळ्यावर, बाई. समद्या गावानं वाचलं. आन् सांगायला तेवढं दारात आलाय."

मी घरी आले आणि त्या दिवशी जेवले नाही. संस्थेत आता फळा नाही, दुधाचे आकडे मशीनच छापून देतं. पण वाचनालयाच्या दारातला फलक जाता-येता सगळे वाचतात. मुंबईहून आल्यावर त्यावर लावायला प्रवासाचं काहीतरी लिहून द्या, असं तिथल्या बायकांनी मला सांगून ठेवलं होतं. ते हे. एवढं सगळं लिहिलं ते ज्या दोन ओळींसाठी, त्या आता लिहिते, आणि खाली माझी सही करते.

अनुसयावहिनींच्या दुधात साबण नव्हता. ते दूध फक्त गार होतं.